ताबेरु म्हणजे खाणे

“…आणि ‘ताबेरु’ म्हणजे काय?”

भंते उपसेनांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा प्रसेनजितला वाटलं, यांना आता ऐकूही कमी येत असावं.

“खाणे,” तो जरा मोठ्यानं म्हणाला. “ताबेरु म्हणजे खाणे. तुम्हीच तर शिकवलं होतं, भंते. इथंच, या ओसरीवर.”

“मी शिकवलं?”

“हो. पहिल्याच दिवशी.”

अर्धांगाच्या झटक्यानंतर भंतेंच्या तोंडाची डावी बाजू खाली उतरली होती. डावा हात मांडीवर पडून असायचा, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. उजवा चालायचा, पण चार चमच्यांतच थकायचा. शब्द थोडे यायचे आणि सावकाश यायचे. विहाराच्या ओसरीत खुर्ची टाकून ते तळ्याकडे पाहत बसले होते.

“बरं… म्हणून दाखव.”

“काय म्हणून दाखवू?”

“ताबेरु.”

प्रसेनजितने श्वास भरून घेतला. मग खातो, खाल्लं, खात नाही, खायचं आहे, खाऊ शकतो, खायला लावतो, अशी त्या क्रियापदाची सगळी रूपं त्याने जपानीत एका दमात म्हणून दाखवली. त्याच्या नागपूरच्या वर्गात एवढ्या वेगानं कुणालाच म्हणता यायचं नाही.

“झालं?”

“झालं.”

“एकही चुकलं नाही?”

“एकही नाही.”

“मग त्या बाईंनी परत का पाठवलं?”

प्रसेनजितने मान खाली घातली. तेच विचारायला तर तो सकाळची पहिली एसटी पकडून आला होता.

काल नागपुरात निवड होती. जपानमधल्या एका वृद्धाश्रमाला सेवक हवे होते, आणि तिथल्या मुख्य बाई, ओकादा-सान, स्वतः मुलं पाहायला आल्या होत्या. भाषेच्या परीक्षेत प्रसेनजित सगळ्यांच्या वर. मुलाखतीत त्याचं जपानी ऐकून दुभाष्यानं चक्क हाताची घडी घालून आराम करून घेतला. राहिलं होतं ते शेवटचं काम. ओकादा-सान स्वतः चाकाच्या खुर्चीत आजीबाई होऊन बसल्या, गळ्याशी रुमाल लावून घेतला आणि म्हणाल्या, “मला जेवू घाल.”

त्याने वाकून नमस्कार केला. पेजेचा वाडगा उचलला. तोंड उघडा, असं अगदी अदबशीर जपानीत म्हणाला. पहिला चमचा दिला. दुसरा अर्ध्या वाटेवर होता, तोच बाईंनी पंजा आडवा धरला.

“तुला ताबेरु येत नाही,” त्या म्हणाल्या. “शिकून ये. परवा सकाळी पुन्हा बघते. दुपारी माझं विमान आहे.”

मागे बसलेली पोरं फिदीफिदी हसली होती. ताबेरु! जपानी शिकणारा माणूस नमस्कारानंतर जे शिकतो ते! आणि तेही कुणाला येत नाही म्हणे, तर वर्गातल्या मागच्या पोरांना फावल्या वेळात शिकवणाऱ्या प्रसेनजित खोब्रागडेला.

गावात तर आधीच गाजावाजा होऊन बसला होता. मित्रांनी चौकात फलक लावला होता, त्यावर प्रसेनजितचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘चलो जपान’. आईने पेढे वाटले होते. आज एसटीतून उतरल्यावर तो चौकाकडे फिरकलाच नाही. धानाच्या बांधावरून, मागच्या वाटेनं विहारात आला.

बाईंची परवा म्हणजे उद्या. उद्या सकाळी जमलं तर जमलं. नाही तर तो गॉगलवाला फोटो कोण उतरवणार, आणि आईला कोण सांगणार…

“भंते, एवढंच सांगा,” तो खुर्चीजवळ सरकला. “तिकडच्या लोकांत या शब्दाचा आणखी काही अर्थ आहे का? पुस्तकात नसलेला? तुम्ही इतकी वर्षं तिथल्या मठात काढली. तिथल्या म्हाताऱ्यांचं सगळं केलं. तुम्हाला माहीत असणार.”

“नाही.”

“माहीत नाही?”

“दुसरा अर्थ नाही. खाणे… एवढाच.”

“मग मला येत नाही असं त्या का म्हणाल्या?”

भंतेंनी आतल्या दाराकडे मान वळवली.

“भंते?”

आतून पायांचा आवाज आला. विहाराचा स्वयंपाक पाहणारी पारबता मावशी वाडगा घेऊन बाहेर आली. मऊ भात, त्यावर घोटलेलं वरण, वाफ निघत होती.

“आला का जपानचा सायेब?” तिने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. “चौकातल्या फोटोत तर लय गोरा दिसते रे तू. इथं काहून उतरला चेहरा?”

“मावशी, नंतर.”

“नंतर काय नंतर? सरक तिकडे. भंतेजीच्या जेवणाची वेळ झाली.”

तिने वाडगा दोन्ही हातांनी पुढे करून भंतेंच्या उजव्या हाताला लावला. कुणी असं हाती दिल्याशिवाय भिक्खू अन्न घेत नाही. आणि माध्यान्ह टळली, की दुसरा दिवस उजाडेपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालत नाही. आजारी माणसानं एवढं कडक कशाला राहावं, म्हणून गावानं समजावून पाहिलं होतं. भंते ऐकून घ्यायचे आणि बारा वाजले की तोंड मिटायचे.

मावशीने चमचा उचलला. भंतेंनी मान हलवली.

“आज… हा.”

“हा?” मावशीने प्रसेनजितकडे बोट दाखवलं. “याला येते काय?”

“मला येतं,” प्रसेनजित पटकन म्हणाला. “आमच्या वर्गात सगळं शिकवलंय.”

“मंग भरव बापा. पण ध्यान ठेव, सकाळची शुगरची गोळी पोटात गेली हाय. जेवण नाही गेलं तर मागच्या वेळेवानी चक्कर येईन त्यायले. आज मले वरण शिजवताच उशीर झाला. घड्याळ पाह्य.”

प्रसेनजितने आत भिंतीवर पाहिलं. बाराला फार वेळ नव्हता.

त्याने वाडगा घेतला. काल जे काही राहिलं असेल ते आज बिनचूक करायचं, असं ठरवून रुमाल भंतेंच्या गळ्याशी नीट लावला. नमस्कार केला. तोंड उघडा, असं कालच्याच अदबीनं जपानीत म्हणाला.

भंतेंनी तोंड उघडलं.

एक चमचा. दुसरा. तिसरा. प्रसेनजित उभ्यानेच भरवत होता, डावीकडून, कारण घड्याळ तिथूनच दिसत होतं. वाडग्यातला भात भराभर खाली चालला होता. चमचा जवळ आला की भंते तोंड उघडत होते. अगदी शहाण्या मुलासारखे.

‘हे काय न येण्यासारखं आहे?’ त्याच्या मनात आलं. बाई चुकल्या. नक्की चुकल्या. उद्या त्यांना दाखवतोच.

“हळू रे,” मावशी म्हणाली.

“बारा वाजतील, मावशी.”

“वाजू दे. गिळू तर दे न त्यायले.”

“गिळताहेत की. उघडतात ना तोंड!”

भंतेंचा डावा गाल हळूहळू फुगत चालला होता. प्रसेनजितने तो पाहिला नाही. त्याने आत डोकावून घड्याळ पाहिलं, चमचा भरला आणि पुढे केला.

भंतेंनी तोंड उघडलं…

आणि मग आवाजच आला नाही.

खोकला नाही, श्वास नाही, काही नाही. उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला गेला. डोळे मोठे झाले. चेहरा लाल, मग काळवंडत चालला.

“भंते?” प्रसेनजितच्या हातातला चमचा खाली पडला. “भंते! मावशी…”

मावशीने त्याला कोपराने बाजूला ढकललं. भंतेंना पुढे वाकवून, एक हात छातीखाली घालून, तिने पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये थाड थाड मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. प्रसेनजित भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या तोंडातून ना मराठी फुटत होतं, ना जपानी.

पुन्हा एकदा जोरात. आणि भाताचा गोळा रुमालावर पडला.

भंतेंनी श्वास घेतला. फाटलेल्या कापडासारखा आवाज झाला. मग खोकल्याची मोठी उबळ, मग दुसरी… आणि सावकाश रंग परत आला.

मावशी त्यांची पाठ चोळत राहिली. तळ्यावरून टिटवी ओरडत गेली.

“डाव्या गालात गच्च भात भरून ठेवला पोरानं,” मावशी पुटपुटली. “त्या बाजूनं त्यायले काही समजत नाही. तुले येते म्हणे… दे इकडे तो वाडगा.”

प्रसेनजितने वाडगा पुढे केला. त्याला तिथून पळून जायचं होतं. बांधावरून, एसटीतून, कुठेही.

भंतेंनी उजवा हात वर केला.

“नको, पारबता… तोच.”

“भंतेजी, जीव गेला असता आत्ता!”

“तोच.”

मावशी कपाळावर हात मारून खाली बसली. प्रसेनजितने दुसरा चमचा आणला. भंतेंचं तोंड धुऊन दिलं, पुसलं. या वेळी चमच्यात भात अगदी थोडा घेतला आणि पुढे केला.

“भंते, तोंड उघडा.”

तोंड मिटलेलंच.

“भंते, थोडंसंच आहे. बघा.”

तोंड मिटलेलंच.

त्याने जपानीत म्हणून पाहिलं. आधी साधं, मग आदराचं, मग त्याहून आदराचं. वर्गात हे ऐकून सर टाळी वाजवायचे. भंते त्याच्याकडे शांतपणे पाहत होते, आणि ओठ उघडत नव्हते.

“चुकलं माझं! पण खा ना आता. गोळी घेतली आहे तुम्ही. चक्कर आली तर? बारा वाजत आले, भंते…”

शेवटी न राहवून त्याने चमचा ओठांना टेकवला, किंचित दाबलाही.

भंतेंनी त्याच्या हातातून चमचा काढून घेतला.

“बस,” ते म्हणाले. “खाली.”

तो वाडगा हातात धरून खुर्चीपुढे जमिनीवर बसला.

“तोंड उघड.”

“मी? भंते, वेळ…”

“उघड.”

त्याने तोंड उघडलं. वरून चमचा आला. भात तोंडात पडला. मान वर करून गिळणं जड जात होतं. त्याने हनुवटी खाली घ्यायला सुरुवात केली, तोवर दुसरा चमचा ओठांवर येऊन थांबला. त्याने घाईघाईनं घेतला. पहिला अजून घशाशी होता. तिसरा आला. भंतेंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ते मान वळवून आतल्या घड्याळाकडे पाहत होते.

आपल्याकडे कुणी पाहत नाही, हे समजल्यावर त्याला एकदम भीती वाटली. जत्रेत हरवलेल्या मुलाला वाटते तशी. पण तोंड मात्र आपोआप उघडत होतं. समोर भंते होते. त्यांना नाही कसं म्हणायचं?

चौथा चमचा आला आणि प्रसेनजितचा पंजा आपसूक वर गेला, आडवा.

भंतेंचा हात तिथेच थांबला.

त्याने कसाबसा घास गिळला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ठसक्याचं की कशाचं, त्यालाच कळेना. भंतेंनी चमचा त्याच्या हातात परत दिला.

त्याने चमचा पाण्यानं विसळून वाडग्यात ठेवला. वाडगा खाली, फरशीवर ठेवला. मग उठून, दारातला मोडा ओढून, भंतेंच्या उजव्या बाजूला बसला. आता दोघांचे डोळे एका रेषेत आले. घड्याळ त्याच्या पाठीमागे गेलं होतं.

“काय करून राह्यला हा आता?” मावशी म्हणाली. “बारा वाजत आले ना!”

प्रसेनजित नुसता बसून राहिला. त्याचा वाडग्याकडे हात गेला नाही. भंतेंचा चेहरा असा त्याने कधी पाहिलाच नव्हता. कपाळावरचा जुना वण, पापणीच्या आत फिरणारी थकलेली नजर, ठसक्यानं अजून लालसर असलेला गळा. इतका वेळ ज्या तोंडात तो चमचे घालत होता, ते एका माणसाचं तोंड होतं.

“दुखतंय का?” त्याने हळूच विचारलं. मराठीतच.

“थोडं.”

“पाणी?”

“हं.”

त्याने मावशीकडून, ठसका लागू नये म्हणून घट्टसर केलेलं पाणी घेतलं, चमच्याने दिलं, आणि गळ्याकडे पाहत राहिला. गळ्यातली घाटी वर गेली, खाली आली. त्यानंतरही तो थोडा थांबला.

आत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मावशी पदराशी चाळा करत होती. तिला राहवत नव्हतं. प्रसेनजितच्या पाठीतून कळ येत होती, एवढा तो ताठ बसला होता. मागे वळून वेळ पाहावी असं त्याला वाटलं… त्याने पाहिली नाही.

भंतेंची नजर वाडग्याकडे गेली. तिथून त्याच्याकडे आली.

“वरण आहे का रे त्यात?”

“आहे.”

“दे.”

आणि त्यांनी आपणहून तोंड उघडलं.

त्याने अर्धा चमचा दिला, उजव्या बाजूने. घाटी वर गेली, खाली आली. भंतेंनी ओठांवरून जीभ फिरवली. प्रसेनजित थांबला. भंतेंनी तोंड उघडलं, तेव्हा पुढचा दिला.

असं चाललं होतं. किती चमचे झाले ते त्याने मोजलं नाही. एकदा भंते मध्येच म्हणाले, “मीठ… बरं आहे आज.” मावशी पदराआडून हसली आणि लगेच डोळे पुसून म्हणाली, “रोज बरंच असते. आज कळलं त्यायले.”

आत घड्याळाचे ठोके पडू लागले.

प्रसेनजितच्या हातात भरलेला चमचा होता. भंतेंनी ओठ मिटले. त्याने चमचा वाडग्यात परत ठेवला.

वाडग्यात भात उरलाच होता.

मावशीने वाडगा उचलून वाकडा करून पाहिला. “गोळीपुरतं गेलं,” ती म्हणाली. “दुपारी मधाचं पाणी देईन. ते बारानंतरबी चालते त्यायले.” आणि ती आत गेली.

प्रसेनजितने भंतेंचं तोंड पुसलं. रुमाल सोडला. दुपारची एसटी पकडायची होती. रात्री नागपूर. सकाळी ओकादा-सान.

“भंते…”

“हं.”

“उद्या त्या विचारतील, ताबेरु शिकलास का. काय सांगू?”

“काही नको सांगू.”

“मग काय करू?”

“भूक आहे का… ते विचार तिला.”

“आणि नाही म्हणाल्या तर?”

“वाडगा खाली ठेव.”

प्रसेनजित उठून उभा राहिला. “भंते, अहो, भरवून दाखवण्याचीच परीक्षा आहे! वाडगा खाली ठेवला तर विमान गेलं माझं. आईने पेढे वाटलेत. चौकात फोटो लावलाय माझा. मी त्यांना काय तोंड दाखवू? एवढी वर्षं मी दुसरं काय मागितलं? माझ्या निवडीचं काय?”

भंते उपसेनांनी डोळे मिटून घेतले.

“निवड… ती तुझी भूक आहे,” ते म्हणाले. “तिच्या तोंडात घालू नकोस.”